एकही विरोधी मत नसताना अडलेला कायदा: स्कॉटलंडच्या बालहक्क विधेयकाचं प्रकरण

१६ मार्च २०२१ रोजी एडिंबरामधल्या स्कॉटिश संसदेनं एक विधेयक एकमतानं संमत केलं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्कॉटलंडच्या कायद्याचा भाग व्हावा, म्हणजे एखाद्या मुलाला किंवा त्याच्या वतीनं कुणाला त्या कराराच्या आधारे थेट तिथल्या कोर्टात दाद मागता यावी, एवढा साधा त्याचा हेतू. विरोधात एकही मत नव्हतं. तरीही तो कायदा लागू व्हायला १६ जुलै २०२४ उजाडलं, आणि लागू झाला तोही बराच आखडून. विधेयक संमत झालं तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलगी कायदा लागू झाला तेव्हा सज्ञान झालेली होती. ज्या हक्कांसाठी तो कायदा होता, ते तिच्या वाट्याला बालपणी आलेच नाहीत.

मर्यादित अधिकार मिळालेल्या विधिमंडळाची वेस नेमकी कुठे असते, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही. कारण इथे विषयावरून भांडणच नव्हतं. मुलांविषयी कायदे करायचा स्कॉटिश संसदेला अधिकार आहे, हे लंडनचं सरकार आणि स्कॉटिश सरकार या दोन्ही बाजूंना मान्य होतं. करार देशी कायद्यात आणायचा अधिकारही मान्य होता. तरी विधेयक अडलं.

अधिकार आला कुठून

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात स्कॉटिश मतदारांनी स्वतःच्या संसदेला कौल दिला. लंडनच्या संसदेनं, म्हणजे वेस्टमिन्स्टरनं, १९९८ चा स्कॉटलंड कायदा केला, मे १९९९ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि १ जुलै १९९९ पासून १२९ सदस्यांची ही संसद कामाला लागली. तिला काय करता येईल याची यादी त्या कायद्यात नाही. काय करता येणार नाही याची आहे. पाचव्या अनुसूचीत राखीव विषय येतात: संरक्षण, चलन, नागरिकत्व आणि स्थलांतर, परराष्ट्र व्यवहार वगैरे. उरलेलं सगळं एडिंबराकडे. शाळा, रुग्णालयं, पोलीस, स्थानिक संस्था, कौटुंबिक कायदा, फौजदारी कायद्याचा मोठा भाग.

परराष्ट्र व्यवहार राखीव असतील, तर आंतरराष्ट्रीय करार राबवायचा अधिकार कसा, असा प्रश्न इथे सहज पडतो. त्याचं उत्तर त्याच अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या पाळणं आणि अमलात आणणं हे राखीव विषयातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. करारावर सही लंडननं करायची. तो आपल्या हद्दीत राबवायला मात्र एडिंबरा मोकळं. बालहक्क करार संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारला आणि ब्रिटननं १९९१ च्या डिसेंबरात त्याला मान्यता दिली. पण ब्रिटिश पद्धतीत मान्यता दिलेला करार आपोआप कायदा होत नाही, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागतो. तो वेस्टमिन्स्टरनं केलाच नाही. स्कॉटलंडनं आपल्यापुरता तो करायचं ठरवलं.

आता चौथी अनुसूची. सामान्य वाचक इथवर सहसा येत नाही, आणि या प्रकरणाचं मूळ नेमकं इथे आहे. पाचवी अनुसूची विषय राखून ठेवते, चौथी काही कायद्यांना संरक्षण देते. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याला स्कॉटिश संसदेनं हात लावायचा नाही. खुद्द स्कॉटलंड कायद्याच्या बहुतेक कलमांनाही नाही. त्या कलमांपैकी एक आहे २८(७). त्याचा आशय असा: स्कॉटिश संसदेला दिलेल्या या अधिकारामुळे स्कॉटलंडसाठी कायदे करण्याच्या युनायटेड किंग्डमच्या संसदेच्या अधिकाराला बाध येत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे कलम नवखं वाटेल. आपली विधानसभा राज्यघटनेतून जन्मलेली आहे. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला काही ठरावीक वाटा सोडल्या तर कायदा करता येत नाही. गोव्यातल्या जुन्या मंडळींना मात्र या वाक्याची ओळख पटेल. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्यानं गोवा, दमण आणि दीवला विधानसभा मिळाली, आणि त्याच कायद्याच्या १८ व्या कलमानं बजावून ठेवलं की या विधानसभेच्या अधिकारामुळे त्या प्रदेशासाठी कोणत्याही विषयावर कायदे करण्याचा संसदेचा अधिकार कमी होत नाही. १९८७ च्या मे महिन्यात गोवा राज्य होईपर्यंत ही स्थिती होती. गोव्याचा राजभाषा कायदासुद्धा याच मर्यादित अधिकाराच्या विधानसभेनं त्या वर्षी फेब्रुवारीत केलेला. स्कॉटिश संसद समजून घ्यायला मुंबईचं विधानभवन डोळ्यांसमोर आणण्यापेक्षा १९८७ पूर्वीची पणजी आणावी.

विधेयकात काय होतं

तेव्हाचे उपमुख्यमंत्री जॉन स्विनी यांनी १ सप्टेंबर २०२० रोजी हे विधेयक मांडलं. मसुदा १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या वळणावर बेतलेला होता, आणि ते स्वाभाविक होतं. वीस वर्षं कोर्टात घासून निघालेलं यंत्र हाताशी असताना नवं कशाला शोधायचं? पुढे वादात सापडलेली कलमं चार.

सहाव्या कलमानुसार कोणत्याही सार्वजनिक संस्थेनं करारातल्या बालहक्कांशी विसंगत वागणं बेकायदेशीर ठरणार होतं. एकोणिसावं कलम कोर्टांना सांगत होतं की शक्य असेल तिथवर प्रत्येक कायद्याचा अर्थ कराराशी जुळेल असाच लावा. विसाव्यात कोर्टाला विसंगत जुना कायदा रद्द ठरवायचा अधिकार होता. नंतर येणारा कायदा विसंगत असेल तर तो रद्द न करता तसं जाहीर करायचा अधिकार एकविसाव्यात होता.

हे "कायदे" कोणाचे? फक्त स्कॉटिश संसदेचे असते तर काहीच बिघडलं नसतं. पण स्कॉटलंडमध्ये मुलांच्या आयुष्याला स्पर्श करणारे कितीतरी कायदे १९९९ च्या आधीचे, म्हणजे वेस्टमिन्स्टरचे आहेत. १९८० चा शिक्षण कायदा आणि १९९५ चा मुलांविषयीचा कायदा हे त्यांतले दोन मोठे. विषय एडिंबराकडे आला, कायद्याचं जुनं पुस्तक मात्र लंडनच्या शाईत राहिलं. ते वगळून बालहक्क कायदा करणं म्हणजे घराची अर्धी दारं उघडी ठेवून कडी लावणं. म्हणून एकोणीस ते एकवीस या कलमांत वेस्टमिन्स्टरचे कायदेही, एडिंबराच्या विषयांपुरते, आत घेतले होते.

सहाव्या कलमात "आपल्या विषयांपुरते" ही मर्यादाही लिहिलेली नव्हती. शब्द सरसकट होते. वाचणाऱ्याला वाटावं की राखीव विषयांत काम करणारे लंडनचे मंत्रीसुद्धा याखाली येतात. हे अनवधानानं झालेलं नाही. सरकारला कायदा शक्य तितका दूर पोहोचवायचा होता, आणि उद्या एखादा राखीव विषय एडिंबराकडे आला तर त्याला तो आपोआप लागू व्हावा अशी इच्छा होती. भिस्त होती स्कॉटलंड कायद्याच्या १०१ व्या कलमावर. स्कॉटिश कायद्याचे दोन अर्थ निघत असतील आणि एक अधिकाराबाहेर जात असेल, तर कोर्टानं अधिकारात बसणारा संकुचित अर्थ घ्यावा असं ते कलम सांगतं. म्हणजे आपण मोठं माप लिहायचं आणि कोर्टानं ते कापून बेताचं करायचं.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि याचं कारण पुढच्या घडामोडी ठाऊक आहेत एवढंच नाही. इशारा आधीच मिळालेला होता. ब्रेक्झिटच्या काळात स्कॉटिश संसदेनं २०१८ च्या मार्चमध्ये एक विधेयक संमत केलं होतं. लंडनच्या मंत्र्यांनी भविष्यातल्या काही कायद्यांखाली केलेले नियम स्कॉटिश मंत्र्यांच्या संमतीशिवाय लागू होणार नाहीत, असं त्याच्या १७ व्या कलमात होतं. १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते कलम पाडलं. कारण हेच: संसदेच्या कायद्याला तुम्ही अट घालता, म्हणजे २८(७) मध्ये बदल करता, आणि तो कायदा तर संरक्षित. बालहक्क विधेयकाचा मसुदा झाला तेव्हा हा निकाल येऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

चार आठवड्यांची खिडकी

स्कॉटलंडमध्ये संमत झालेलं विधेयक लगेच राजसंमतीला जात नाही. मध्ये चार आठवडे थांबावं लागतं. या काळात लंडन सरकारचे कायदा अधिकारी किंवा स्कॉटलंडचे लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे स्कॉटिश सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, स्कॉटलंड कायद्याच्या ३३ व्या कलमाखाली ते थेट सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतात आणि विचारू शकतात: हे अधिकारात बसतं का? कायदा लागू झाल्यावर आव्हान देण्याच्या आपल्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा हे वेगळं आहे, आणि खरं तर शहाणपणाचं. लोकांनी ज्यावर विसंबायचं ते विसंबण्याआधीच तपासलं जातं.

एप्रिल २०२१ मध्ये लंडनच्या ॲटर्नी जनरल आणि स्कॉटलंडसाठीच्या ॲडव्होकेट जनरल (हेही लंडन सरकारचेच कायदा अधिकारी) यांनी हा मार्ग धरला. सोबत आणखी एक विधेयकही गेलं, स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचा युरोपीय करार स्वीकारणारं. त्याची रचना जवळपास सारखीच होती. ६ मे रोजी निवडणूक होती. प्रचारात हा प्रश्न "लंडनला मुलांचे हक्क नकोत" असा मांडला गेला. तसं नव्हतं. अर्जात बालहक्कांना आक्षेप नव्हता. पण लंडनची बाजू निर्मळ होती असंही म्हणवत नाही. करारावर तीस वर्षांपूर्वी मोहोर उमटवून तो स्वतः कधी कायद्यात न आणणाऱ्यांनी, स्कॉटलंडनं आणताना वाटेत उभं राहायचं, हे पाहून तिथल्या बालहक्क कार्यकर्त्यांना राग येणं मला अगदी समजतं.

निकाल

६ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. लिहिला लॉर्ड रीड यांनी. ते न्यायालयाचे अध्यक्ष आणि स्वतः स्कॉटिश न्यायाधीश, त्यामुळे "लंडनच्या न्यायाधीशांना आमचं काय कळतं" असं म्हणायची सोय नव्हती. चारही कलमांतला वेस्टमिन्स्टरच्या कायद्यांना किंवा अधिकाराबाहेरच्या कामांना भिडणारा भाग अधिकाराबाहेर ठरला.

तर्क पायरीपायरीनं असा जातो. २८(७) नुसार वेस्टमिन्स्टरचा स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा अधिकार बिनशर्त आहे. कायदा करण्याच्या अधिकारात त्या कायद्याला हवा तो अर्थ आणि परिणाम देण्याचा अधिकार आलाच. एकोणिसावं कलम कोर्टांना त्या कायद्यांचा अर्थ वेस्टमिन्स्टरच्या मनात नसलेल्या दिशेनं वळवायला सांगतं, विसावं ते रद्द करायचं हत्यार देतं. म्हणजे बिनशर्त अधिकाराला शर्त लागली. विधेयकात २८(७) चा उल्लेख कुठेही नाही, पण परिणामानं ते बदललं जातं, आणि चौथी अनुसूची परिणामानं होणारा बदलही अडवते.

एकविसाव्या कलमाबद्दलचा भाग मला सगळ्यात विचार करायला लावतो. तिथे कोर्ट कायदा रद्द करत नाही, फक्त विसंगत असल्याचं जाहीर करतं. यानं वेस्टमिन्स्टरचा अधिकार कसा कमी होतो? न्यायालयाचं म्हणणं, अशा घोषणेनं होणारी बदनामी टाळण्यासाठी संसदेवर दबाव येईल, आणि दबाव हीसुद्धा अटच. १९९८ चा मानवी हक्क कायदाही कोर्टांना अशीच घोषणा करू देतो. पण तो वेस्टमिन्स्टरनं स्वतःवर लादून घेतलेला आहे. दुसऱ्यानं लादलेला दबाव चालत नाही.

विसाव्या कलमाबाबत मात्र न्यायालयाशी सहमत होणं मला जड जातं. १९८० चा शिक्षण कायदा स्कॉटिश संसद स्वतः दुरुस्त करू शकते, हवं तर अख्खा रद्दही करू शकते. ते तिनं अनेकदा केलंही आहे. जे ती एकेक ओळ घेऊन करू शकते, तेच "या कराराशी जे विसंगत असेल ते लागू नाही" असं एका वाक्यात म्हटलं तर वेस्टमिन्स्टरचं काय जास्त हिरावलं जातं? न्यायालयानं फरक असा केला की दुरुस्ती करताना निर्णय स्कॉटिश संसद घेते, इथे तो कोर्टाच्या हाती जातो, आणि संसदेचा कायदा वैध आहे की नाही हे तिथे कोर्ट ठरवू लागतं. फरक आहे, पण तो इतका मोठा आहे का? ब्रिटनमधल्या काही घटनातज्ज्ञांनाही २८(७) चा हा अर्थ फार ताणलेला वाटला. मीही त्यांच्याच बाजूनं झुकतो.

सहाव्या कलमाच्या बाबतीत न्यायालयानं जे सांगितलं त्यावर मात्र माझ्याकडे वाद नाही. शब्दांचा सरळ अर्थ अधिकाराबाहेर जातो हे लॉर्ड ॲडव्होकेटांच्या बाजूलाही नाकारता येत नव्हतं. कोर्ट १०१ खाली तो कापून घेईल, एवढाच युक्तिवाद. न्यायालय म्हणालं, तसं नाही. जाणूनबुजून मर्यादा ओलांडणारा मजकूर लिहायचा आणि प्रत्यक्षात तो कुठवर लागू आहे हे प्रत्येक खटल्यात कोर्टानं शोधायचं, तर कायदा वाचणाऱ्या माणसाला आपले हक्क कळणारच नाहीत. हा मुद्दा वकिली वाटेल, पण तो मुलांच्या बाजूचाच आहे. ग्लासगोतल्या एखाद्या शिक्षिकेनं किंवा सामाजिक कार्यकर्त्यानं सहावं कलम वाचलं असतं, तर छापलेल्या शब्दांवरून त्यांना काय लागू आहे हे समजलं नसतं.

आखडलेला कायदा

निकालानंतर रस्ता होता पुनर्विचाराचा. न्यायालयानं अडवलेलं विधेयक नव्यानं न मांडता, दोषी भाग सुधारून तेच पुन्हा संमत करण्याची सोय स्कॉटलंड कायद्यात आहे. ती त्याआधी कधी वापरलीच गेली नव्हती, त्यामुळे जाणंही सावकाश झालं. सामाजिक न्यायाच्या मंत्री शर्ली-ॲन सॉमरव्हिल यांनी २०२३ मध्ये दुरुस्त्या आणल्या आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी विधेयक पुन्हा एकमतानं संमत झालं. १६ जानेवारी २०२४ ला राजसंमती, सहा महिन्यांनी अंमल.

योगायोग असा की ७ डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी स्कॉटलंडच्या कोर्ट ऑफ सेशननं, म्हणजे तिथल्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयानं, कायदेशीर लिंगओळख बदलणं सोपं करणाऱ्या विधेयकाच्या प्रकरणात निकाल दिला. तिथे लंडननं ३५ वं कलम वापरून स्कॉटिश विधेयक राजसंमतीला जाण्यापासूनच रोखलं होतं. ते कलम वापरण्याची ती पहिलीच वेळ. कोर्टानं तो आदेश वैध ठरवला. तिथे विधेयक अधिकारात बसूनही थांबवता आलं. बालहक्क प्रकरणात प्रश्न निव्वळ अधिकाराचा होता. दोन्ही ब्रेक वेगळे आहेत, बातम्यांमध्ये मात्र ते सर्रास एकत्र गुंफले जातात.

आता लागू असलेल्या कायद्यात बालहक्कांनुसार वागण्याचं बंधन मुख्यतः अशा कामांवर येतं, ज्यांचा अधिकार स्कॉटिश संसदेच्या कायद्यातून आलेला आहे. अधिकार वेस्टमिन्स्टरच्या कायद्यातून आला असेल तर बंधन नाही. त्या जुन्या कायद्यात स्कॉटिश संसदेनं नंतर घातलेली कलमंही बाहेरच राहिली, कारण कुठला शब्द कुणाचा हे निवडत बसणं पुन्हा गोंधळाचं झालं असतं.

याचा परिणाम शाळेच्या दारातच दिसतो. एखाद्या मुलाला अभ्यासात जादा मदतीची गरज आहे. त्या मदतीचा कायदा २००४ चा, स्कॉटिश संसदेचा. शिक्षण विभागाचा त्याखालचा निर्णय बालहक्कांच्या कसोटीवर कोर्टात नेता येतो. त्याच मुलाच्या बाबतीत तोच विभाग १९८० च्या कायद्याखाली काही ठरवतो, तेव्हा ही कसोटी नाही. शाळा तीच, अधिकारी तेच, मूल तेच. अडचणीतल्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सुनावण्यांचा कायदा २०११ चा म्हणून आत, अडचणीतल्या मुलांची जबाबदारी नगरपालिकेवर टाकणारी १९९५ ची कलमं बाहेर. आईवडिलांनी दाद मागण्याआधी कायद्याच्या मुखपृष्ठावर कोणत्या संसदेचं नाव आहे ते बघायचं.

तरीही जे मिळालं ते मोलाचं आहे. मुलांच्या आयुक्तांना स्वतः खटला भरता येतो. दाद मागण्याची मुदत मोजताना अठरा वर्षांखालचा काळ धरला जात नाही. वेल्सशी तुलना केली तर फरक दिसतो: तिथे २०११ च्या कायद्यानुसार मंत्र्यांनी निर्णय घेताना कराराचा योग्य विचार करायचा असतो, पण कराराच्या आधारे मुलाला असा थेट दावा करता येत नाही.

आणि एक गोष्ट या सगळ्या गदारोळात झाकली गेली. स्कॉटिश संसदेनं २०१९ मध्ये दोन साधे, सरळ कायदे केले. एकानं मुलांना मारण्याला असलेला "वाजवी शिक्षे"चा बचाव काढून घेतला, दुसऱ्यानं फौजदारी जबाबदारीचं वय आठवरून बारावर नेलं. त्यांच्यावर कुणी ३३ वं कलम लावलं नाही. जुना कायदा बदलायचा होता तिथे सरळ तो बदलला.

बाहेर राहिलेल्या कामांनाही हीच वाट मोकळी आहे. १९८० आणि १९९५ च्या कायद्यांतली कलमं एकेक करून रद्द करायची आणि स्कॉटिश संसदेच्या नव्या कायद्यात पुन्हा लिहायची. विषय एडिंबराचेच असल्यामुळे अधिकाराचा प्रश्न उद्भवत नाही, आणि तसं केलं की बालहक्कांचं बंधन त्या कामांवर आपोआप येतं. काम कंटाळवाणं आहे, शेकडो कलमांचं आहे, आणि त्यात एकमतानं टाळ्या वाजण्याचे क्षण फारसे येणार नाहीत. पण १९८० चा कायदा तोवर उभाच आहे, आणि ग्लासगोतल्या त्या शाळेत रोज सकाळी मुलं येत आहेत.